लाल गोळ्याची कानबाई

भंगारवाल्यानं एक गोळा उचलला, दोन-तीनदा खालीवर केला, नखानं खरवडून पाहिला आणि परत टेम्पोत ठेवला. "काका, यात लोखंड नाही, धड प्लास्टिकपण नाही. काय आहे तेच कळत नाही. घरी घेऊन जा," म्हणाला. जळगावच्या त्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला मी आणि माझा मुलगा भर उन्हात उभे होतो. त्याचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं असं मी म्हणतो. त्याची आई म्हणते, त्याच्या कितीतरी आधीपासून. या बाबतीत आमचं अजून एकमत झालेलं नाही आणि आता होऊनही काही उपयोग नाही.

गोळे म्हणजे बोलिंगचे बॉल. लांब, गुळगुळीत लाकडी पट्ट्यावरून जड गोळा सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला मांडलेल्या पिना पाडायच्या, असा तो खेळ. गोळ्याला तीन भोकं असतात, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. मुलगा पुण्याला नोकरीत असताना या खेळाच्या नादी लागला. पुढे नोकरी सोडून त्यानं दोन मित्रांबरोबर जळगावच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये याच खेळाचा हॉल सुरू केला. आम्ही घरात त्याला बापू म्हणतो. खानदेशात घरटी एक बापू असतोच, तसा आमचा हा.

लोक आले नाहीत असं नाही. पहिल्या दिवाळीत तर रांगा लागल्या होत्या. मामा-मावश्यांसकट आख्खं खटलं यायचं, दोन्ही हातांनी गोळा पायांमधून ढकलायचं, फोटो काढायचं आणि खालच्या दुकानात कचोरी खाऊन घरी जायचं. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही. एकदा पाहून झालं की झालं, आमच्याकडे असंच असतं. मग पिना उभ्या करणारं मशीन बिघडलं. मुंबईचा माणूस आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही, आणि मित्रही एकेक करून आपापल्या वाटेनं गेले.

त्या दिवसांत मी एकदा धुळ्याच्या घरून न कळवता बस पकडून तिथे गेलो होतो. सगळा हॉल रिकामा. बापू पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला मांडी घालून बसला होता आणि हातानं एकेक पिन उभी करत होता. मांडून झाल्यावर तो या टोकाला आला आणि त्यानं स्वतःचा लाल गोळा उचलला. तो गोळा त्यानं पुण्याला बोटांचं माप देऊन भोकं पाडून घेतलेला. दुसऱ्याच्या हातात तो बसायचा नाही. चार पावलं टाकत तो असा काही वाकला की मी दारातच थांबलो. गोळा हातातून सुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पलीकडे सगळ्या पिना आडव्या झाल्या आणि तो परत त्या मांडायला गेला. एवढं सुंदर काम करताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र हाक मारून विचारलं काय, तर जेवलास का.

बंद झाल्यावर पट्ट्यांचं लाकूड फर्निचरवाल्यानं नेलं, खुर्च्या एका मंगल कार्यालयात गेल्या. गोळे तेवढे उरले. ते टेम्पोत भरून आम्ही धुळ्याला आणले आणि घरामागे पत्र्याखाली ओतले. बापू घरात शिरला, त्याच्या लहानपणीच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थकला असेल, आम्ही म्हटलं. झोपू दे.

ती झोप संपलीच नाही. उन्हाळा आला, खोलीतला पंखा गरम वारा फेकत राहिला, तरी तो तिथेच. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, अर्धं परत यायचं. दाढी वाढली, अंघोळ बंद झाली. रात्री कधीतरी उठून संडासला जायचा, पण आमची नजर चुकवून. मी वरणगावला फॅक्टरीत उभं आयुष्य काढलं. तिथे एखाद्या वस्तूचं काम संपलं की ती मोडीत निघते, तिच्यावर कोणी रडत बसत नाही. हे डोकं घेऊन मी घरी वावरत होतो. कधी ओरडलो, कधी समजावलं, त्याच्या वयाच्या पोरांची उदाहरणं दिली. माझं बोलणं संपेपर्यंत तो भिंतीकडे पाहत राहायचा आणि शेवटी "बरं" म्हणायचा. त्या "बरं"इतकी भयंकर गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही.

डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. गोळ्या दिल्या, त्या तो घेतो. जाताना फाटकाशी थांबून म्हणाले, "हा आजार आहे, आळस नाही. ओढून बाहेर काढू नका. पण ज्या दिवशी आपण होऊन बाहेर येईल, त्या दिवशी जे करेल ते करू द्या. काही झालं तरी टोकू नका." हे शेवटचं वाक्य माझ्या बायकोनं मंत्रासारखं पाठ केलं. कणीक मळताना, धुणं वाळत घालताना ती ते स्वतःशी म्हणायची. मलाच दिवसातून दहादा दटावायची, "आयकं ना? टोकानं नही."

बायको पारोळ्याकडच्या खेड्यातली. इतकी वर्षं कॉलनीत राहून शाळेतल्या बाईंशी, बँकेत वगैरे ती शुद्ध बोलते, पण घरात तिची अहिराणी सुटलेली नाही. एक दिवस ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. परदेशातली कोणी बाई आपल्या बागेत बसून जुन्या बोलिंगच्या बॉलवर काचमणी चिकटवत होती. तिच्या हिरवळीवर असे पाच-सहा गोळे चमकत पडले होते.

"आपलाकडे शेतस ना," बायको म्हणाली.

"तुले काही कामधंदा नही का?" मी म्हटलं.

"त्याले बाहेर काही देखाले तं पाहिजे," ती म्हणाली. "आठे काय शे? तुमना कढीपत्ता."

खरं सांगायचं तर कढीपत्ताही नव्हता. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर आमची बाग म्हणजे एक लिंबाचं झाड, दोन सुकलेले मोगरे आणि जास्वंदीच्या काड्या. बापूच्या खिडकीतून एवढंच दिसायचं, तेही खिडकीचा पडदा सरकवला तर. तो कधी सरकवलेला नव्हता. पण बायकोनं त्या खिडकीसमोरचाच तुकडा निवडला.

पहिला गोळा तिनं टरबूज केला. हिरव्या पट्ट्या, एक फोड कापल्यासारखी लाल जागा, त्यात काळ्या बिया. रंग उन्हात दोन दिवसांत तडकला, तिनं खरवडून परत दिला. दुसऱ्यावर फुटलेल्या बांगड्यांच्या काचा चिकटवल्या. गल्लीतल्या बायकांकडून तिनं त्या मागून आणल्या होत्या. तिसऱ्यावर आरसे, चौथ्यावर जुन्या शालूची जर. डिंक वितळून काचा घसरायच्या, ती संध्याकाळी पुन्हा बसवायची. रोज सकाळी एखादा गोळा थोडा सरकवायची, म्हणजे ऊन पडलं की काचांचा कवडसा बापूच्या पडद्यावर जाईल. मी पेपर वाचतोय असं दाखवून हे सगळं पाहायचो. ती वेडी झाली आहे असं वाटायचं, आणि कवडसा नीट पडला नाही तर जीव तुटायचाही माझाच.

पडदा काही हलला नाही.

लाल गोळा तिनं शेवटी घेतला. श्रावण लागायला आला होता. लाल रंग आधीच इतका गडद आणि सुरेख होता की त्यावर दुसरा रंग द्यायचा तिला धीर होईना. ती तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग देवघरातून हळदीकुंकवाचा डबा घेऊन आली. संध्याकाळी पाहतो तर वरच्या दोन भोकांत कवड्या बसवून डोळे केलेले, त्यांना काजळ, मधे मेणानं चिकटवलेली मोत्यांची नथ, कपाळावर मळवट, आणि अंगठ्याच्या भोकाभोवती रंगवलेले ओठ.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"नारयले जसा डोया करतस, तसाच करात मी," ती म्हणाली. "माले दुसरं येतंज काय?"

तिचं बरोबर होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ करून त्याची देवी करतात, जागरण करतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. माझ्या बायकोनं लहानपणापासून एकच गोल वस्तू सजवलेली, ती म्हणजे तो नारळ. हात आपोआप तिकडेच वळला. लिंबाच्या खोडाशी चार विटा रचून तिनं तो गोळा त्यावर ठेवला, बापूच्या खिडकीच्या अगदी समोर.

पावसानं जास्वंद पुन्हा फुलली, तशा शेजारच्या अक्का फुलं तोडायला रोज आमच्या फाटकातून आत यायच्या. म्हातारी बाई, नजर अधू, पण अशा गोष्टी तिला बरोबर दिसतात. ती थबकली, हात जोडले. "ओ माय, ही तं कानबाईच शे!" बायको हसली. अहो अक्का, बापूचा बॉल आहे, शोभेला ठेवलाय, असं सांगितलं तिनं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि जाताना दोन फुलं वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांबरोबर त्यांची सून आली. मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघी. मंगळवारी उदबत्ती लागली. ओठांच्या भोकात अक्का गुळाचा खडा ठेवायच्या, मुंग्यांची रांग लागायची. गल्लीतल्या कुणा सुनेला दिवस गेले, तेही या देवीच्या खात्यावर जमा झालं.

मी खूप चिडलो. फाटकाला कुलूप लावतो म्हणालो. अरे, बागेत शोभेची वस्तू म्हणून ठेवली आणि तुम्ही देऊळ करता? पण एके सकाळी चहा झाला नाही म्हणून पाहायला गेलो, तर ती ओल्या केसांनी त्या गोळ्यासमोर उभी होती, डोळे मिटून. ओठ हलत होते. काय मागत होती ते विचारायची गरज नव्हती. ज्या वस्तूनं पोराला बाहेर काढायचं असं ठरवून ती सजवायला बसली, त्याच वस्तूपुढे आता पोराला बाहेर काढ म्हणून पदर पसरत होती. त्यानंतर मी कुलपाचं नाव काढलं नाही. खरं तर एकदा कोणी बघत नाही असं पाहून मीही हात जोडले. लाज वाटली, पण जोडले.

ती सकाळ साधीच होती. रात्री भुरभुर पाऊस झाला होता, गोळ्यांवरच्या काचा धुऊन निघाल्या होत्या. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. बायको नुकतीच न्हाऊन अक्कांबरोबर लिंबाखाली हळदीकुंकू वाहत होती. स्वयंपाकघराच्या बाजूचं दार वाजलं. मी मान वळवली आणि पेपर तसाच हातात राहिला.

बापू दारात उभा होता. मळकी बनियन, गळ्यापर्यंत दाढी, अनवाणी. उजेडाला डोळे किलकिले केलेले. इतका वाळला होता की क्षणभर मला तो कोणी परका वाटला. मी पटकन पेपर तोंडासमोर धरला, कारण टोकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि माझं तोंड मला चांगलं ठाऊक आहे. पेपरच्या कडेनं पाहत राहिलो. बायकोनंही पाहिलं. तिनं अक्कांचा हात घट्ट धरला, म्हणजे गप्प राहा.

तो एक पायरी उतरला. मग दुसरी. ओल्या मातीत पाय टेकल्यावर थोडा थांबला. टरबुजाच्या गोळ्याजवळ वाकला, बोटानं बिया चाचपल्या. बांगड्यांच्या काचांवरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर किंचित काहीतरी हललं. हसला असं मी म्हणणार नाही, पण कित्येक महिन्यांत तेवढंही हललं नव्हतं. पेपर फडफडला तर तो आत पळेल म्हणून मी पानं दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मग त्याला लिंबाखालचा लाल गोळा दिसला.

तो सरळ चालत गेला, विटांसमोर उकिडवा बसला आणि बघत राहिला. कवड्या, नथ, मळवट. "आई," तो म्हणाला, "हा माझा आहे ना?"

आवाज बसलेला, घोगरा. पण प्रश्न होता तो. त्यानं आपण होऊन प्रश्न विचारला होता. बायकोनं मान हलवली. रडत होती आणि हसत होती. त्यानं उजवा हात पुढे केला. आणि मी पाहिलं, हात गोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याची बोटं वाकली होती. दोन बोटं आणि अंगठा, बरोबर मापात. जळगावच्या त्या रिकाम्या हॉलमध्ये पाहिलेला तोच हात होता.

"बापू! हात लावू नको! आंग धोयं नही तू आजून!"

हे अक्का म्हणाल्या असत्या तर मी आज त्यांना शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण ते माझी बायको म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं. तिच्या आईनं तिला, तिच्या आजीनं तिच्या आईला आयुष्यभर जे म्हटलं, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. पारोशा अंगानं देवाला शिवायचं नाही. आमच्या घरात दिवसाचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. शब्द सुटला आणि तिनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबलं.

बापूचा हात हवेतच थांबला. बोटं हळूहळू सरळ झाली. त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मळलेल्या नखांकडे, बनियनकडे. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बरं," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

बायको त्याच्या मागे धावली. दारावर हात आपटून म्हणत होती, लाव बापू, हात लाव, तुझाच आहे, घे, मी चुकले. दार उघडलं नाही. मी ओट्यावरच बसून होतो. पेपर कुठे पडला ते आठवत नाही.

थोड्या वेळानं ती बाहेर आली ती स्क्रूड्रायव्हर घेऊन. विटांसमोर बसून तिनं कवड्या उचकटायला सुरुवात केली. अक्का घाबरल्या. "माय वं, देवले असं उतारतस का? पाप लागी तुले. नदीवर पोचाड, नीट निरोप दे."

"माले देव नही पाहिजे," बायको म्हणाली. "मना पोऱ्या पाहिजे."

तिनं नथ ओढून काढली, ओठ घासले, भोकातला गूळ काडीनं कोरून काढला. रॉकेल लावून मळवट पुसला. कुंकू त्या लाल रंगात कुठे मुरलं होतं आणि कुठे नाही ते कळत नव्हतं, तरी ती घासतच राहिली. अक्का हात जोडून तिथेच उभ्या होत्या, मग गेल्या. त्या दिवसापासून त्या आमच्याकडे फुलांना येत नाहीत. बाकीच्या बायकाही फाटकावरून पुढे जातात.

संध्याकाळी बायकोनं तो गोळा बापूच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला. पुन्हा नुसता बॉल, लाल, तीन भोकांचा. घसरू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची चुंबळ. त्याला गंध नाही, फूल नाही. भोकांत धूळ बसली की ती बोटाला फडकं गुंडाळून आतून पुसते. तिची बोटं बारीक, ती आत सैल फिरतात.

बागेतले बाकीचे गोळे तसेच पडून आहेत. टरबुजाचा रंग उडाला, काचा गळून मातीत गेल्या. मी त्यांच्याकडे बघत नाही, झाडांनाही पाणी घालत नाही. डॉक्टर म्हणतात, धीर धरा, पुन्हा येईल बाहेर. ते चांगले आहेत, त्यांना तसं म्हणावंच लागतं. मला आता खरं वाटत नाही.

परवा दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो. बापू संडासला जाण्यासाठी उठला. दार उघडलं. गोळ्याला वळसा घालून, भिंतीला चिकटून तो निघाला, रोज जातो तसाच. पण तोल गेला असावा, कारण त्याचा पाय गोळ्याला लागला. गोळा चुंबळीवर जरासा हलला.

माझा मुलगा थांबला. गोळा सरळ करायला वाकला नाही, हात लावला नाही. दोन पावलं मागे सरला, आणि जो गोळा त्यानं स्वतःच्या बोटांचं माप देऊन करवून घेतला होता, त्याला त्यानं लांबूनच हात जोडले.